अण्णांची नाणी: आधी ओळख, मग वाटणी

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत)

माहेर सांगलीत आणि सासर मिरजेत असलेल्या एका ताईंचं हे पत्र. वडील एसटीत वाहक होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी आयुष्यभर जमवलेली नाणी पत्र्याच्या एका ट्रंकेत आहेत. तांब्याच्या वीस-बावीस शिवराया, चांदीचे रुपये, भोकाचे पैसे, नवे पैसे आहेत. पण सगळ्यांत जास्त आहेत ती पंचवीस पैशांची 'सगळी सारखीच दिसणारी' नाणी. ती शेकड्यांनी आहेत आणि कागदी पाकिटांत आहेत. पाकिटांवर पेन्सिलीने कुठे चांदणी काढली आहे, कुठे चौकट, कुठे टिंब, तर कुठे नुसती आडवी रेघ. २०१९ च्या महापुरात ट्रंक भिजली. थोरले भाऊ म्हणतात, चांदी सराफ कट्ट्यावर मोडू, पंचवीस पैसे बँकेत भरू नाहीतर भंगारात घालू आणि येईल त्या रकमेचे तिघांत तीन वाटे करू. धाकट्या भावाला मोबाइलवर कुणीतरी वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आणि राम-सीतेचं '१८१८' सालचं नाणं यांचे मिळून बारा लाख देऊ केलेत. अट एकच, आधी 'नोंदणी फी' भरायची. वहिनींनी काही शिवराया चिंच-मीठ लावून लख्ख केल्या आहेत. आई म्हणतात, तुम्हाला पटेल ते करा. ताई विचारतात: "मला विकावंसं वाटत नाही, पण ठेवून तरी काय करू? मला त्यातलं काही कळत नाही. लग्न झालेल्या मुलीने यात बोलावं का? आणि अण्णांनी एकसारखी नाणी एवढी कशाला साठवली असतील?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

चांदणीच्या पाकिटातलं गेंड्याचं चित्र असलेलं एक पंचवीस पैशांचं नाणं काढा. उजेडात धरा आणि सालाच्या आकड्याखाली बघा. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. माझा अंदाज बरोबर असेल, तर तिथे मोहरीहून बारीक अशी एक चांदणी दिसेल. मग चौकटीच्या पाकिटातलं त्याच सालचं नाणं घ्या, त्यावर सालाखाली चौकट असेल. टिंबाच्या पाकिटातल्या नाण्यावर टिंब असेल. आडवी रेघ मारलेल्या पाकिटातल्या नाण्यावर त्या जागी काहीच नसेल.

या टांकसाळीच्या खुणा आहेत. नाणं कुठे पाडलं हे त्यांवरून कळतं. चांदणी हैदराबादची, चौकट म्हणजे हिरा मुंबईचा, टिंब नोएडाचं. कोलकात्याची टांकसाळ खूणच करत नाही. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, आणि गेंड्याचे स्टीलचे पंचवीस पैसेही त्याच सालापासूनचे. म्हणजे एकाच सालच्या नाण्याचे चार प्रकार होऊ शकतात. अण्णा बहुधा तेच जमवत होते: प्रत्येक साल, चारही टांकसाळी. वाहकाच्या पिशवीतून रोज किती सुटी नाणी जात असतील! 'मास्तर, सुट्टे द्या' म्हणणाऱ्या गर्दीत, हलत्या गाडीत, त्यांची नजर सालाखालच्या त्या ठिपक्यावर जात होती आणि हवं ते नाणं स्वतःच्या खिशातला पैसा घालून ते बदलून घेत असणार.

म्हणून 'सगळी सारखीच' हा शब्द आधी सोडा. तो तुमच्या पत्रात तीनदा आलाय. ती नाणी सारखी नाहीत आणि पसारा म्हणून साठवलेलीही नाहीत. तो लावलेला संग्रह आहे. घरातल्या कुणाला पाकिटांवरच्या खुणा वाचता आल्या नाहीत, एवढंच झालं.

त्यांची बाजारात फार किंमत येईल असं मात्र समजू नका. गेंड्याची बहुतेक नाणी अजून भरपूर मिळतात. एखादं साल एखाद्या टांकसाळीचं कमी सापडतं, त्याला संग्राहक थोडे जास्त देतात, एवढंच. पण ती बँकेत भरायचा दादांचा बेत मुळातच होणार नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, बँक ती घेणार नाही. आणि भंगारात ती वजनावर स्टीलच्या भावाने जातील, त्यात एका वेळची भाजीही यायची नाही. थोडक्यात, या पाकिटांबद्दल भांडण्यासारखं पैशाच्या अंगाने काहीच नाही. ती जशी आहेत तशी, न फोडता, एका जागी राहू द्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बाकीच्या ट्रंकेकडे वळू. तुम्ही लिहिता की तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. दादांनाही कळत नाही, तरी त्यांनी किंमत ठरवून टाकली आहे. फोनवरच्या माणसाने तर नाणं न बघता ठरवली आहे. मला खटकतं ते हेच, की किंमत आधी ठरतेय आणि ओळख मागे राहिलीय. संग्राहकांचं काम उलट्या बाजूने चालतं. ते पहिल्यांदा बघतात की नाणं कुणी काढलं: कुठली राजवट, कुठला राजा. मग मूल्य, म्हणजे रुपया की आणा की पैसा. मग धातू, वजन, टांकसाळ, साल. त्यानंतर त्याच नाण्याचे उपप्रकार: अक्षरांची मांडणी, मुकुट, ठिपके, कडेची नक्षी. सगळ्यांत शेवटी बघतात ते नाणं किती झिजलंय. एवढं झालं की किमतीचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो. 'जुनं म्हणजे महाग' हा समज या रीतीने बघितलं की टिकत नाही. शेकडो वर्षांपूर्वीचं तांब्याचं एखादं नाणं किरकोळ भावात मिळतं, कारण ते अमाप पाडलं गेलं होतं.

शिवराई नाण्यांचंच बघा, कारण आपल्याकडे सगळ्यांत जास्त गैरसमज त्यांच्याविषयी आहे. शिवराई म्हटलं की घरोघरी सांगतात, ही महाराजांच्या हातची. १६७४ च्या राज्याभिषेकापासून महाराजांची नाणी सुरू झाली हे खरं. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', कडेने ठिपक्यांचं वर्तुळ. पण त्याच नावाने शिवराई पुढच्या छत्रपतींच्या काळात आणि सबंध पेशवाईत पाडली गेली. गावोगावच्या टांकसाळींतून ती निघायची आणि एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती. म्हणजे तुमच्या वीस-बावीस शिवरायांत दीडशेहून जास्त वर्षांचा पल्ला असू शकतो.

त्या वेगळ्या कशा करायच्या? मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या समांतर दांड्या असतील आणि त्यांच्यात पानासारखी नक्षी असेल, तर ती दुदांडी शिवराई, पेशवाईच्या काळातली. अशा पुष्कळ सापडतात. मग लेखन बघा: 'छत्रपति' आहे की 'छत्रपती', 'शिव' आहे की 'सिव'. ऱ्हस्व-दीर्घाचे आणि श-सचे हे फरक संग्राहक चुका म्हणून सोडून देत नाहीत, त्यावरूनच गट पाडतात. वजनही करा. आधीच्या शिवराया जड, पुढच्या हळूहळू हलक्या होत गेलेल्या. आणि अर्धंच अक्षर दिसतंय म्हणून एखादी बाजूला टाकू नका. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असायचा, त्यामुळे सगळा मजकूर मावलेली शिवराईच विरळा. राज्याभिषेकाच्या काळातली अस्सल शिवराई तुमच्याकडे आहे की नाही हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. कुणी फोनवरून सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका.

तुम्ही मिरजेत राहता म्हणून मुद्दाम सांगते. ट्रंकेत फारसी अक्षरांचा एखादा चांदीचा रुपया असेल आणि त्यावर कुणी 'मुर्तजाबाद' वाचलं, तर ते तुमचंच गाव. मोगली कागदांत मिरजेचं ते नाव आहे आणि मराठेशाहीतही तिथल्या रुपयांवर ते चालू राहिलं. पेशवाईत रुपये फारसीत, दिल्लीच्या बादशहाच्या नावानेच निघत. म्हणून 'हे मुसलमानी नाणं, आपलं नाही' असं म्हणत सांगली-साताऱ्याकडच्या घरांतून कितीतरी मराठी रुपये मोडीत गेले.

चांदीच्या रुपयांकडे येऊ. सराफाचा हिशेब खोटा नसतो, पण तो फक्त चांदीचा असतो. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा, आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. झिजलेल्या, मळलेल्या, नेहमीच्या सालच्या रुपयाला चांदीच्या भावापेक्षा फारसं जास्त मिळत नाही. तो विकायचा असेल तर खुशाल विका, त्यात अण्णांचा अपमान वगैरे काही नाही. पण विकण्याआधी प्रत्येक रुपया उलटसुलट बघा. १८४० चा असेल तर राणीच्या डोक्याभोवतीचा मजकूर सलग आहे की दोन बाजूंना विभागलेला, हे लिहून ठेवा. १८६२ पासून 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असा फरक आहे. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया दिसला तर तो वेगळा ठेवा. त्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणं मागे घेतलं गेलं आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला. असा रुपया वितळवणं म्हणजे शुद्ध नुकसान.

उलटाही धोका आहे. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे. १९४७ चा, वाघाचं चित्र असलेला रुपया चांदीचा नाहीच, तो निकेलचा. लोहचुंबक लावून बघा, निकेलचं नाणं चिकटतं. 'चांदीचे रुपये' म्हणून तीन सारखे ढीग केले आणि एकाच्याच ढिगात सगळे १९४७ चे गेले, तर पुढे किती कटुता येईल विचार करा. भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ मधले, युद्धात धातू वाचवायला काढलेले. 'नये पैसे' असा शब्द असलेली नाणी १ एप्रिल १९५७ पासूनची आणि १९६४ मध्ये 'नये' गेलं. हे दोन्ही गट घरातली शाळकरी मुलंही लावू शकतील.

आता ते बारा लाख. इथे मी शब्द मऊ करणार नाही. धाकट्या भावाला आजच थांबवा. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं २०१२ चं आहे, देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचं, आणि ते चलनासाठीच मोठ्या संख्येने काढलेलं स्मारक नाणं आहे. अशी स्मारक नाणी आपल्याकडे १९६४ मध्ये नेहरूंच्या नाण्यांपासून निघतायत. त्याचे लाख सोडा, हजारही कुणी देत नाही. राम-सीतेचं, इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि '१८१८' लिहिलेलं पितळी किंवा तांब्याचं नाणं हे तर नाणंच नाही. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. ते पूजेत ठेवायला किंवा जत्रेत विकायला केलेलं टोकन आहे. देवघरात ठेवायचं असेल तर जरूर ठेवा. आधी फी, मग कमिशन, मग कर, अशा पायऱ्यांनी ही फसवणूक चालते. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुन्या नाण्यांसाठी पैसे उकळले जातायत, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. पैसे भरून झाले असतील तर लाजून गप्प बसू नका, १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

वहिनींवर रागावू नका. घासूनपुसून ठेवलं की वस्तूचा मान राहतो अशी आपली रीतच आहे, तांब्याची भांडी आपण तशीच घासतो. पण नाण्याचं उलट असतं. तांब्यावर काळानुसार चढलेला तपकिरी-काळपट थर हेच त्याचं संरक्षण आणि तीच त्याच्या वयाची साक्ष. चिंचेने तो जातो, आणि तो परत आणता येत नाही. घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहक लगेच खाली आणतात. जेवढ्या शिवराया घासल्या गेल्या तेवढ्या गेल्या, त्या वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तसं लिहा. उरलेल्यांना चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांतलं काहीही लागू देऊ नका. पुराचा गाळ अजून चिकटलेला असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, न घासता मऊ कापडावर टिपून पूर्ण कोरडं करा. एखाद्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते इतरांपासून दूर ठेवा. तो रोग आहे, वाढत जातो. घट्ट, गुळगुळीत हिरवटपणाला मात्र हात लावू नका. नाणी धरताना कडेने धरा. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, साधी कागदी पाकिटं चांगली. आणि ट्रंक खालच्या मजल्यावर ठेवू नका. कृष्णेचं पाणी किती चढतं ते तुम्ही बघितलेलंच आहे.

अण्णांची भिजलेली पाकिटं टाकून देऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते. ती सुकवून, चपटी करून, ज्या त्या नाण्यांच्या नव्या पाकिटाबरोबर ठेवा. त्यांवर एखादं गाव, तारीख, काही खूण लिहिलेली असेल तर आधी फोटो काढा. पेन्सिल पाण्याने जात नाही, पण कागद विरतो. नाणं कुठून आलं ही नोंद एकदा हरवली की कुठलाही तज्ज्ञ ती परत देऊ शकत नाही.

वाटणीबद्दल. तुमच्या पत्रात सगळीकडे 'तीन वाटे' आहेत: दोन भाऊ आणि तुम्ही. मग आई? वडिलांची स्वतःच्या कमाईची वस्तू आणि मृत्युपत्र नाही, अशा वेळी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा हक्क असतो. वाटे चार आहेत. मुलीने बोलावं का, याचंही उत्तर त्यातच आलं. कायद्याचं पुस्तक घेऊन माहेरी जा असं मी म्हणत नाही. पण 'मी परकी, मी काय बोलणार' हे मनातून काढून मग जा. आणि आई 'तुम्हाला पटेल ते करा' म्हणाल्या याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही असा घेऊ नका. आमच्याकडे बायका भांडण नको म्हणून असंच म्हणतात. त्यांना एकटं गाठून विचारा. ड्यूटीवरून आल्यावर अण्णा ही नाणी लावायचे तेव्हा घरात कोण होतं? कुठलं पाकीट कधीचं हे त्यांना कदाचित तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

नाणी मोजून चार सारखे ढीग करणं हा मला सगळ्यांत वाईट मार्ग वाटतो. त्यात पैसाही नीट वाटला जात नाही आणि संग्रहही मोडतो. सगळंच विकून रक्कम वाटणं त्याहून बरं, निदान ते सरळ आहे. पण यादी झाल्यावर, आणि एकाच दुकानात न विकता दोन-तीन ठिकाणी विचारून. माझा कल असा: नेहमीच्या सालचे, झिजलेले चांदीचे रुपये वजनावर वाटा किंवा विका, दादांची गरज खरी असेल तर त्यांना त्यातलं आधी द्या. शिवराया एकत्र, टांकसाळींची पाकिटं एकत्र, नये पैसे एकत्र, असे गट अखंड ठेवा आणि ज्याला जो गट सांभाळायची इच्छा आहे त्याने तो घ्यावा. त्याची किंमत जास्त निघाली तर फरक इतरांना द्यावा. कुणाचीच इच्छा नसेल तर ट्रंक आईंकडे राहील. घाई काय आहे? नाणी नासत नाहीत, कोरडी ठेवली की झालं.

तज्ज्ञाला दाखवायचं तर नाण्यांऐवजी आधी फोटो आणि वजनं दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, तिथे मुलांना जरूर न्या. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर पाठवता येत नाहीत, तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या बोलण्यात येऊ नका. दुसऱ्या कुणा वाचकाला अशी नाणी जमिनीत, जुन्या घराच्या पायात सापडली असतील, तर त्यांची गोष्ट निराळी आहे. ती १८७८ च्या कायद्याखाली येतात आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. अण्णांनी सुट्या पैशांतून निवडलेल्या नाण्यांना तो नियम नाही.

दादांशी बोलताना 'विकू नका' असं म्हणू नका, तिथेच बोलणं अडेल. म्हणा, "विकायला माझी ना नाही. फक्त यादी होईपर्यंत थांबू, मी स्वतः बसून करते." एक वही, दोन दशांशापर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, एक भिंग आणि चुंबक एवढं पुरे. सुरुवात पंचवीस पैशांपासून करा. त्यात कुणाचा पैशाचा जीव अडकलेला नाही, साल आणि खूण एवढंच लिहायचंय, आणि त्यात डोळा बसला की शिवराया वाचणं सोपं जाईल. चांदणीच्या पाकिटात एखादं चिरलेल्या हिऱ्याच्या खुणेचं नाणं आढळलं तर अण्णा चुकले असं समजू नका, हैदराबादची खूण काळानुसार बदललेली आहे. आणि १९८५ च्या रुपयांत सालाजवळ इंग्रजी 'एच' दिसला, तर तो रुपया इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पाडून आणलेला आहे, त्याला वेगळं पाकीट करा. शिवरायांचे दोन्ही बाजूंचे फोटो वजनासह मला पाठवलेत तर दुदांडी कुठल्या आणि आधीच्या कुठल्या, एवढं वेगळं करून द्यायला मी नक्की मदत करेन.